वरचे बारा सूर

माझा वाढदिवस पंधरा नोव्हेंबरला असतो. आमच्या भागात जन्माला यायला याहून वाईट दिवस शोधून सापडणार नाही. त्या दिवशी हरणाच्या शिकारीचा मोसम उघडतो. शाळांना सुट्टी, गॅरेजला कुलूप, सरकारी कचेरीत एकच माणूस आणि तोही चिडलेला. बंदूक धरता येणारा प्रत्येक जण जंगलातल्या आपापल्या झोपडीत जाऊन बसतो. मी जन्मले तेव्हा माझे वडील असेच झोपडीत होते. मुलगी झाल्याचं त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला म्हणे तो रस्त्यावरचा बर्फ काढलाय का, हा.

यंदा माझ्या नवऱ्याने, रॉयने, फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली होती. ‘बावन्नाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. पेस्टी खालच्या कप्प्यात. सोमवारी येतो.’ मांस-बटाट्याच्या त्या गार पेस्टीत एक मेणबत्ती खोचलेली होती. माणूस वाईट नाही.

शिकारीला न जाणारा आमच्या घरात एकच पुरुष होता, माझे आजोबा. वायनो सारेला. तरुणपणी त्यांनी बारा वर्षं तांब्याच्या खाणीत ड्रिल चालवलं, मग खाण सोडली आणि पियानो जुळवायला शिकले. कोणी शिकारीला बोलावलं की म्हणायचे, “माझ्या वाट्याचा धडाडधुम मी ऐकून घेतलाय. आता मला गुपचूप बसू दे.” मी जन्मले त्या दिवशी दवाखान्यात आईजवळ तेच होते. आणि माझ्या सातव्या वाढदिवशी, घरात मी आणि आई दोघीच तोंडं पाडून बसलेल्या असताना, ते दारात आले आणि म्हणाले, “लॉर्ना, चल गं. एका शाळेचा पियानो आजारी आहे.”

तेव्हापासून सात वर्षं मी त्यांच्याबरोबर फिरले. वाढदिवशी तर नक्कीच, आणि बहुतेक शनिवारीही. चर्चची तळघरं, शाळा, सहकारी दुकानावरचे नाचाचे हॉल, शेतकऱ्यांच्या बैठकीच्या खोल्या. पियानोत अठ्ठ्याऐंशी सूर, आणि बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. त्या जरा जरी मागेपुढे असल्या तरी आवाज थरथरतो. तिन्ही एक झाल्या की थरथर थांबते आणि सूर काचेसारखा स्वच्छ होतो. खालचे सूर आजोबा एकटेच लावत. अगदी वरच्या, उजव्या टोकाच्या सुरांशी आले की मला शेजारच्या खुर्चीवर बसवत आणि म्हणत, “आता खेळ. थरथर मेली की ओरड.” मी ‘मेली!’ म्हणून ओरडायची. ते तार ताणायची किल्ली काढून घ्यायचे आणि पुढच्या तारेकडे जायचे.

काम झालं की पियानोची डावीकडून पहिली, बोटाने दाबायची पट्टी बाहेर काढायची. तिच्या लाकडाच्या बाजूवर पेन्सिलीने तारीख आणि सही करायची ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. पट्टी परत आत गेली की ती सही कोणाला दिसत नाही. पुढचा जुळवणारा पट्टी उपसेल तेव्हाच ती वाचणार. आजोबा सही करायचे आणि पेन्सिल माझ्या हातात द्यायचे. “कान काढ.” मी त्यांच्या सहीशेजारी एक छोटा कान काढायची. का, असं विचारलं तर म्हणायचे, “आपली गंमत.”

ती गंमत मी पुढे फार मनावर घेतली. विसाव्या वर्षी मीही त्यांच्याच हाताखाली हा धंदा शिकले. आज माझ्या गाडीच्या दारावर हातभर मोठा कान रंगवलेला आहे, पावतीवर कान आहे, टोपीवर कान आहे. ज्या मुलीचे कान आजोबांना इतके आवडले की तिला सोबत घेतल्याशिवाय त्यांना करमत नसे, ती मी. माझ्याबद्दल मला दुसरं काही इतकं पक्कं माहीत नव्हतं.

म्हणून तीन आठवड्यांपूर्वी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख समोर ठेवला, तेव्हा मी आधी त्यांच्याशी भांडले. तुमचं यंत्र जुनं आहे, खोलीत पंखा आहे, मला सर्दी आहे. त्यांनी पंखा बंद करून परत तपासलं. आलेखाची रेघ उजवीकडे जाऊन दरीत कोसळावी तशी कोसळत होती. “वरचे आवाज गेलेत,” त्या म्हणाल्या. “परत येत नाहीत ते. रोजच्या बोलण्याला काही अडचण नाही. तुम्ही काम काय करता?”

रॉयला मी सांगितलं नाही. फोनवर सूर मोजणारं यंत्र मिळतं ते घेऊन पाहिलं. नव्या पियानोवर ते ठीक चालतं. पण आमच्याकडचे पियानो शंभर-शंभर वर्षांचे. त्यांच्या वरच्या तारांवर त्याचा काटा दारुड्यासारखा झुलतो. शेवटी मी गिऱ्हाइकांना पाठवायचं पत्र लिहिलं, की नाताळपर्यंतची कामं पुरी करते, नंतर दुसरं कोणी बघा. मग माझ्या मनात एक विचित्र कुतूहल शिरलं आणि ते काही केल्या निघेना. मी जन्मले तेव्हा आजोबा बावन्नचेच होते. त्यानंतर पंचवीस वर्षं त्यांनी काम केलं. बावन्नाव्या वर्षी माणूस आतून कसा असतो, त्यांचं काही दुखत होतं का, कसली भीती वाटत होती का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते जाऊनही आता सव्वीस वर्षं झाली.

तर वाढदिवसाच्या सकाळी मी अर्धी पेस्टी खाल्ली, मेणबत्ती खिशात टाकली आणि चाळीस मैलांवरच्या आल्डर लेकच्या चर्चला गेले. तिथलं काम इतकी वर्षं दुसरा एक जण करायचा. तो थंडीला कंटाळून दक्षिणेला राहायला गेला, म्हणून मला बोलावणं आलं होतं. मी तिथे पूर्वी कधीच गेले नव्हते.

चर्चची किल्ली इम्पी हौतालाकडे होती. वय अठ्ठ्याऐंशी, पन्नास वर्षं तिथे ऑर्गन वाजवलेली बाई. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं, पायात पुरुषी बूट. ती माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून आली.

“एवढा मोठा कान! लोकांना वाटेल कानाची डॉक्टर आली.”

“पियानोवाली आहे मी, इम्पीमावशी.”

“ठाऊक आहे. वायनोची नात ना तू? आडनाव ऐकूनच बोलावलं. आत ये, कॉफी ठेवलीय. आणि आवाज चढवून बोल, माझ्या यंत्रांची बॅटरी मेलीय.”

तळघरात कॉफीचा आणि वेलदोड्याच्या पावाचा वास होता. पियानो भिंतीशी उभा, कडेचा रंग उडालेला, पण पोट चांगलं. मी पुढची फळी काढली आणि कामाला लागले. मधले सूर, खालचे सूर दीड तासात झाले. मग उजवीकडे सरकले. वरून बारावा सूर वाजवला. लाकडी हातोडी तारेवर आपटल्याचा ठक्क आवाज आला. त्यामागे सूर असणार, पण तो माझ्यापर्यंत येत नव्हता. परत वाजवला. किल्ली थोडी फिरवली, परत वाजवला.

इम्पीमावशी पाव कापत होती. “काय गं, काही बिघडलंय?”

“तारा फार जुन्या आहेत.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” ती सुरीकडे बघतच म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. बहिरं असण्याचा तेवढा एक फायदा आहे.

वरचं काम तिथेच सोडून मी डावीकडे वळले, कारण पहिली पट्टी दाबली की अडकत होती. खरं सांगायचं तर पळ काढला. झाकण काढलं, पट्ट्यांवरची आडवी दांडी सोडवली आणि पहिली पट्टी उपसली. खाली बघायच्या आधी मी नेहमीप्रमाणे तिच्या बाजूवरच्या सह्या वाचायला घेतल्या. मला ती खोडच आहे. रॉय म्हणतो, तू पियानो दुरुस्त करायला नाही, त्यांची झडती घ्यायला जातेस.

आजोबांचं अक्षर मी अंधारातही ओळखेन. व्ही. सारेला, आणि तारीख. असे बरेच. माझी नजर एकदम एका ओळीवर जाऊन थांबली. १५ नोव्हेंबर १९८६. माझा चौदावा वाढदिवस. आणि शेजारी कान.

तो दिवस मला लख्ख आठवतो, आणि तो आठवलेला मला आवडत नाही. आजोबा सकाळी दारात आले होते, अंगात जाड कोट, हातात हत्यारांची पेटी. मी मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. रिसीव्हरवर हात ठेवून मी म्हणाले होते, “मला कंटाळा येतो आजोबा. मी काय आता लहान आहे का?” ते “बरं,” म्हणाले आणि गेले. त्यानंतर सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर गेले नाही.

मग त्या दिवशी हा कान कोणी काढला?

मी पट्टी खिडकीपाशी नेली. कान माझ्या हातचा नव्हताच. माझे कान बटाट्यासारखे यायचे. हा नीटनेटका होता, आतली वळणंसुद्धा काढलेला. त्याच्या वरच्या ओळीशेजारीही तसाच कान. त्याच्याही वर. मी बोटाने ओळी मोजत वर गेले. सगळ्यात वरची तारीख होती नोव्हेंबर १९७०. माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीची. तिथेही कान.

हसू नका, पण मला जो झटका बसला तो नवऱ्याच्या खिशात दुसऱ्या बाईचं पत्र सापडल्यावर बसावा तसा होता. आमची गंमत! आणि ती माझ्या आधी कोणाबरोबर तरी चालू होती.

“इम्पीमावशी,” मी ओरडले, “हे कान कोणी काढले?”

ती हात पुसत आली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पट्टी हातात घेतली. एकेका कानावरून बोट फिरवलं.

“अगं बाई! हे अजून आहेत? मीच काढलेत की. माझी चित्रकला चांगली होती तेव्हा.”

“पण का?”

“का म्हणजे? मी ऐकायची म्हणून.”

“काय ऐकायची?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अठ्ठ्याऐंशीची आहे आणि ती बावन्नची. “वरचे सूर. वायनोला वरचे बारा सूर ऐकू येत नव्हते. हे तुला माहीत नाही?”

मी खाली बसले. पियानोच्या बाकावर नाही, मुलांच्या रविवारच्या वर्गाची एक टीचभर खुर्ची होती तिच्यावर.

“पहिल्यांदा आला तेव्हा मी चौतीसची होते,” इम्पीमावशी सांगू लागली. “खालचं काम झाल्यावर मला म्हणाला, बाई, जरा इथे बसा. मला वरचे बारा ऐकू येत नाहीत, ते मी खाणीत ठेवून आलोय. थरथर थांबली की सांगा. मी म्हटलं, अहो मग हा धंदा कशाला करता? तर म्हणतो कसा, बाकीचे शहात्तर येतात ना!”

ती स्वतःशीच हसली. मला हसू आलं नाही.

“असं सरळ सांगितलं? परक्या बाईला?”

“सगळ्यांनाच सांगायचा. त्यात लपवायचं काय? शाळेत स्वयंपाकीणबाईला बसवायचा, नाचाच्या हॉलमध्ये दारू वाढणाऱ्याला. आमच्या पाद्रीबाबांनासुद्धा एकदा बसवलं, पण ते भलतीकडेच ‘थांबा’ म्हणायचे. अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं गं. आणि काम झालं की ज्याने ऐकलं त्याने कान काढायचा. अर्धं काम दुसऱ्याचं असताना सही एकट्याची कशी, असं म्हणायचा.”

अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. मी तीस वर्षं त्याच जिल्ह्यातले पियानो उपसतेय. त्यांच्या पट्ट्यांवर कान दिसले की मी ते माझेच समजत आले. शाळेच्या पियानोतला मोठ्ठा गोल कान, हॉलमधला दातेरी कान. लहानपणी हात किती वेडावाकडा होता आपला, म्हणून मी कौतुकाने हसायची आणि पट्टी परत ढकलायची. सह्या वाचायची, पण कानाशेजारची तारीख कधी ताडून पाहिली नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आणि मग एकेक गोष्ट उलगडत गेली. विसाव्या वर्षी मी धंदा शिकायला परत आले, तेव्हा आजोबा म्हणायचे, “वरचं तू कर, माझा उजवा खांदा धरतो.” त्याच खांद्याने ते घरी लाकडं फोडायचे. मी या धंद्यातली बाई, त्यांच्या शेजारी पाच वर्षं उभी राहिलेली, आणि मला काही म्हणता काही कळलं नाही.

मग राग आला. चांगलाच आला.

“म्हणजे मी त्यांची लाडकी-बिडकी काही नव्हते,” मी म्हटलं. “फुकटचा कान होते. खेळ म्हणे! राबवून घेतलं मला.”

“ओरडू नकोस.”

“तुम्हीच म्हणालात आवाज चढव.”

“चढव म्हटलं, डोक्यावर घे नाही म्हटलं.” तिने माझ्यापुढे पावाचा तुकडा ठेवला. “राबवायचं असतं तर तुला इथे नसतं आणलं? मी त्याला किती वेळा म्हटलं, आण की नातीला, बघू तरी. म्हणायचा, नको, बाकीचे तिच्यापुढे गप्प बसतात, पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तिला कळून जाईल.”

“पण सगळ्यांना सांगायचे ते मलाच का नाही सांगायचं?”

तिने पट्टी परत डोळ्यांजवळ नेली आणि तिचं बोट नेमकं माझ्या चौदाव्या वाढदिवसाच्या तारखेवर गेलं.

“हा दिवस आठवतो मला,” ती म्हणाली. “शिकारीचा पहिला दिवस. माझा नवरा जंगलात, बाहेर हा एवढा बर्फ. आणि वायनो दारात उभा, न बोलावता. मी म्हटलं, आज कसा काय? आज नातीचा वाढदिवस ना तुझ्या? तर म्हणाला, तिला कंटाळा आला, ती नाही आली. मला वाईट वाटलं. मी काहीतरी बोलायला गेले, आजकालची पोरं वगैरे. तर हा हसतोय! खुशीत होता गं. पावाचे चार तुकडे खाल्ले. म्हणाला, इम्पी, मला सात वर्षं धास्ती होती, की तिला कळलंय आणि म्हातारा अडेल म्हणून ती येतेय. आज ती नाही म्हणाली. म्हणजे इतके दिवस यायची ते तिला यावंसं वाटायचं म्हणून.”

मी पावाचा तुकडा उचलून परत ठेवला.

“कळलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस का?” तिने विचारलं.

नसते म्हणाले. मला मी माहीत आहे. कुरकुरत, दात-ओठ खात, दर शनिवारी गेले असते, आणि विसाव्या वर्षी या धंद्याचं तोंडही पाहिलं नसतं. मी रडले. इम्पीमावशीने मला रडू दिलं, मध्ये एकदाच म्हणाली, “कॉफी गार होतेय.” मला आजोबांचा राग यायचा थांबला नव्हता, आणि ते या क्षणी त्या दारातून आत यावेत असंही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

तोंड पुसून मी पट्टी जागेवर बसवली. अडकण्याचं कारण म्हणजे खाली पडलेलं एक जुनं बटण निघालं. फळी परत लावायला घेतली तेव्हा इम्पीमावशी म्हणाली, “वरचं राहिलंय ना?”

“झालं ते.”

“खोटं बोलू नकोस. मघाशी तो एकच सूर तू नऊ वेळा वाजवलास. मला ऐकू येत नाही, पण दिसतं.” मग जवळ येऊन म्हणाली, “तुला येतात का ऐकू?”

इतक्या सरळ कोणी विचारलंच नव्हतं. “नाही,” मी म्हटलं. “गेले. तीन आठवड्यांपूर्वी कळलं. नाताळनंतर बंद करणार आहे सगळं.”

“नवरा काय म्हणतो?”

“रॉयला माहीत नाही.”

“वा! म्हणजे आजोबांकडून धंदा घेतलास, कान घेतलास, गाडीवर रंगवलास, आणि जे घ्यायचं तेच राहिलं.” ती उठली, खुर्ची ओढून पियानोच्या उजव्या टोकाशी बसली आणि डोळे मिटून म्हणाली, “वाजव.”

मी वाजवला. ठक्क.

“काही नाही,” ती म्हणाली. “लाकूड. वाजव परत. छे. बॅटरी असती तरी डब्यात खडा वाजल्यासारखाच आला असता.” मग तिने डोळे उघडले आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. एक बहिरी ऑर्गनवाली आणि एक बहिरी पियानोवाली. पहिली हसली कोण ते आठवत नाही. मला तर हसता हसता उचकी लागली.

“आता गावात शोधायला जावं,” इम्पीमावशी म्हणाली, “तर गावात आहे कोण? सगळे झाडावर बसलेत हरणांची वाट बघत.”

तेवढ्यात वर दार वाजलं आणि जिन्यावर बूट आपटल्याचा आवाज आला. टपालवाली होती. हातात मोठं खोकं, टोपीवर बर्फ.

“इम्पी, मेणबत्त्या आल्यात तुमच्या. सही लागेल.”

“ही कायला,” इम्पीमावशी मला म्हणाली आणि गप्प बसली. तोंडात तीळ न भिजणारी बाई ऐन वेळी ओठ घट्ट मिटून पावाचे तुकडे गोळा करायला लागली. बोलायचं मलाच होतं.

हे वाक्य मी आरशासमोरही कधी म्हटलं नव्हतं.

“दोन मिनिटं आहेत का?” मी विचारलं.

“नाहीत,” कायला म्हणाली.

“पाच?”

ती हसली. “काय काम आहे?”

“मी हा पियानो जुळवतेय. मला वरचे बारा सूर ऐकू येत नाहीत. कोणीतरी ऐकून सांगायला हवं.”

म्हटलं एकदाचं. छत कोसळलं नाही. कायलाने टोपी काढून झटकली. “आणि मला ऐकू येतील?”

“वय काय?”

“एकतीस.”

“येतील.”

“पण मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही हं. शाळेत मला तो लोखंडी त्रिकोण वाजवायला दिला होता, तोही काढून घेतला.”

“कळायला नको. आवाज थरथरेल. थरथर थांबली की ‘थांबा’ म्हणा, बस.”

ती खोकं खाली ठेवून इम्पीमावशीच्या खुर्चीवर बसली, अंगावरचा कोट तसाच. मी तीन तारांपैकी एक मुकी करायला नमद्याची पाचर घातली, खुंटीवर किल्ली बसवली आणि पट्टी वाजवली. ठक्क.

“ई,” कायला म्हणाली. “दाढ दुखतेय असा आवाज आहे.”

“तोच. आता ऐका.”

तारांकडे बघून मला काही कळणार नव्हतं. कानाने काही येणार नव्हतं. मग मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, दुसरं करण्यासारखंच काही नव्हतं. भुवया आकसलेल्या, नाकाशी आठी, ओठ एका बाजूला ओढलेले. मी किल्ली केसभर फिरवली, पट्टी वाजवली. आठी वाढली. उलटी फिरवली. आणि तिच्या तोंडावर काहीतरी झालं. आधी कपाळ सैल झालं, मग जबडा. डोळे उघडेच होते, पण ते खोलीतलं काही बघत नव्हते. तोंडाचा किंचित चंबू झाला, एखाद्याने लांबून हाक मारल्यावर माणूस ‘ओ’ द्यायच्या आधी होतो तसा. टपालाची घाई, बर्फ, मेणबत्त्यांचं खोकं, सगळं त्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं. ती ‘थांबा’ म्हणायच्या आधीच मला कळलं होतं, आणि माझा हात थांबला होता.

तीस वर्षं मी हा धंदा करतेय आणि हे मी कधीच पाहिलं नव्हतं. ज्याला ऐकू येतं तो तारेकडे बघतो. समोरच्याचं तोंड बघायची त्याला गरजच पडत नाही. आजोबांनी सात वर्षं, दर शनिवारी, दर वाढदिवशी, हे माझ्या तोंडावर इतक्या जवळून पाहिलं होतं. मी सात वर्षांची असताना, आठ वर्षांची असताना, दात पडलेले असताना. त्यांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

“थांबा म्हटलं ना मी,” कायला म्हणाली. “ऐकलंत का? मेली थरथर. पुढचा घ्या.”

मी डोळे पुसून किल्ली पुढच्या खुंटीवर ठेवली. अजून अकरा होते.